कारखान्याशेजारचे थर्मोडायनॅमिक्स

लोणीचे प्रवरा, कोपरगावचे संजीवनी आणि संगमनेरचे अमृतवाहिनी ही तिन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये 1983 साली सुरू झाली. विनाअनुदानित महाविद्यालयांना राज्याने परवानगी दिली ते हेच वर्ष. तिन्हींच्या मागे सहकारी साखर कारखान्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या शिक्षणसंस्था होत्या. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950-51च्या हंगामात सुरू झाला. त्याआधीच हरेगावला बेलापूर कंपनीचा आणि टिळकनगरला डहाणूकरांचा खासगी कारखाना चालत होता. अहमदनगर कॉलेजची स्थापना 1947ची, संगमनेर महाविद्यालयाची 1961ची. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, वाफ आधी आली आणि वाफेचे शास्त्र विद्यापीठाच्या पातळीवर शिकवणारे वर्ग मागाहून आले.

जगातही क्रम हाच होता. न्यूकोमेनचे इंजिन 1712चे. त्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळू शकते, हा प्रश्न नीट मांडणारे सादी कार्नोचे छोटे पुस्तक 1824चे. क्लाउसियसने एंट्रॉपी हे नाव दिले 1865 साली, आणि ती राशी म्हणजे रेणूंच्या शक्य मांडण्यांची मोजदाद आहे हे बोल्ट्झमनने दाखवले 1877 साली. वर्गात मात्र आपण उलटे चालतो. आधी संस्था, परिसर आणि अवस्था यांच्या व्याख्या, मग चार नियम, मग मॅक्सवेलचे चार संबंध, मग विभाजन फलन. इंजिन आलेच तर पी-व्ही आलेखावरची चार रेषांची आकृती म्हणून येते.

पदवीच्या शेवटच्या टप्प्यात हा विषय बहुतेक ठिकाणी एकाच पेपरमध्ये बसवलेला असतो: अर्धे सत्र थर्मोडायनॅमिक्स, अर्धे सांख्यिकीय भौतिकी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नगर जिल्ह्यातील महाविद्यालयांचा अनुभवही याहून वेगळा नाही. एम.एस्सी.ला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स स्वतंत्र पेपर होतो, आणि नेट-सेटच्या अभ्यासक्रमात त्याचा एक पूर्ण विभाग आहे. नेटच्या वरच्या भागात आयसिंग मॉडेल, प्रावस्था-संक्रमण, यादृच्छिक चाल आणि ब्राउनीय गतीही येतात. बी.एस्सी.ला पाठ केलेल्या सिद्धतांवर हा वरचा मजला उभा राहत नाही, हे एम.एस्सी.ला शिकवणारे सगळेच जाणतात. माझे मत असे की, विद्यार्थी इथे गणितात कमी आणि वस्तू न दिसल्यामुळे जास्त अडतो. आंशिक अवकलन तो करतो. पण ते अवकलन कोणत्या भांड्यातल्या, किती अंशाच्या, किती दाबाच्या पदार्थाचे आहे, असे विचारले की तो गप्प होतो. ज्या जिल्ह्यात अशी भांडी दर दहा-वीस किलोमीटरवर आहेत, तिथे हे व्हायला नको.

विद्यार्थी नेमका कुठे चुकतो यावर चांगले संशोधन झालेले आहे. लव्हरूड, कॉट्झ आणि हेरॉन यांनी 2002 साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये एक साधा प्रश्न तपासला. उष्णता आतबाहेर होऊ न देता वायू झटकन दाबला तर त्याचे तापमान का वाढते? सायकलचा पंप मारताना हे हाताला जाणवते. बऱ्याच विद्यार्थ्यांनी पीव्ही बरोबर एनआरटी हे समीकरण पुढे केले: दाब वाढला म्हणून तापमान वाढले. आकारमान त्याच वेळी कमी होते आहे, त्यामुळे या समीकरणातून काहीच ठरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. काहींनी रेणूंच्या टकरा वाढल्या असे सांगितले. दट्ट्याने वायूवर काम केले आणि ती ऊर्जा आत गेली, हे पहिल्या नियमाचे उत्तर फार थोड्यांना आपणहून सुचले. दोन वर्षांनी डेव्हिड मेल्ट्झर यांनी दाखवले की, चक्र पूर्ण झाल्यावर एकूण काम आणि एकूण उष्णताही शून्य झाली पाहिजे, असे मानणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. ज्यांना असे वाटते त्यांच्यासाठी उष्मा-इंजिन ही गोष्टच अस्तित्वात नसते. इंजिन पुन्हा सुरुवातीच्या अवस्थेत येते आणि तरी काम देऊन जाते, हाच तर कार्नोचा सगळा मुद्दा.

आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शिरीष पाठारे आणि हेमचंद्र प्रधान यांनी उष्णतेचे संक्रमण आणि गतिज सिद्धांत यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या गैरसमजुतींचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध केला. भारतीय विद्यार्थ्यांवरचे असे काम अजून थोडे आहे आणि जिल्ह्याच्या पातळीवर तर ते व्हायलाच हवे. भौतिकशास्त्राच्या एखाद्या विभागाने तीन वर्षे नेटाने हेच केले, विद्यार्थ्यांची उत्तरे गुण देण्यासाठी न तपासता विचार समजून घेण्यासाठी वाचली, तर त्यातून अभ्यासक्रम समितीच्या कामाचे बरेच निघेल.

आता कारखान्यात जाऊ, कारण पहिल्या आणि दुसऱ्या नियमातला फरक इतका उघडा मला दुसरीकडे दिसलेला नाही.

एक टन ऊस गाळला की साधारण 280 ते 300 किलो बगॅस, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायचा चोथा, उरते आणि त्यात वजनाने जवळपास निम्मे पाणी असते. अशा एका किलो बगॅसचे स्थूल उष्मांक मूल्य सुमारे 9.5 मेगाज्यूल धरतात, निव्वळ मूल्य मात्र सुमारे 7.5. मधले दोन मेगाज्यूल गेले कुठे? अर्धा किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 1.2 मेगाज्यूल लागतात. बगॅसमधला हायड्रोजन जळूनही पाणी तयार होते, त्याची वाफ उरलेला वाटा घेते, आणि ही सगळी वाफ चिमणीतून निघून जाते. सुप्त उष्णता ही राशी शाळेत बर्फ आणि पाण्याच्या उदाहरणाने शिकलेल्या मुलाला इथे तिची किंमत टनांत दिसते. मिलमधून येणाऱ्या बगॅसचा ओलावा दोन टक्क्यांनी कमी झाला तर काय फरक पडेल, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही काढू शकतो. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला हे उत्तर आधीच माहीत असते.

मग बॉयलर. जुन्या कारखान्यांतले बॉयलर दर चौरस सेंटीमीटरला 21 किलो दाबाचे आणि 340 अंशांच्या आसपासच्या वाफेचे असत. सहवीजनिर्मितीसाठी बसवलेले नवे बॉयलर 110 किलो दाब आणि 540 अंशांपर्यंत जातात. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ सुमारे 120 अंशांवर रस तापवायला जाते. विद्यार्थ्याला कार्नोचे सूत्र दिले की तो 540 आणि 120 घेतो, केल्व्हिनमध्ये 813 आणि 393 करतो आणि कार्यक्षमतेची कमाल मर्यादा 52 टक्के सांगतो. सूत्र बरोबर, उत्तर फसवे. बॉयलरमध्ये पाण्याला उष्णता काही 540 अंशांवर मिळत नाही. तिचा मोठा हिस्सा उकळताना मिळतो, आणि 110 किलो दाबाला पाणी उकळते सुमारे 318 अंशांवर. ते तापमान धरले तर मर्यादा 34 टक्क्यांच्या खाली येते. जुन्या 21 किलोच्या बॉयलरमध्ये पाणी 215 अंशांच्या सुमारास उकळते, त्याची मर्यादा जेमतेम 20 टक्के. कारखाने जास्त दाबाच्या बॉयलरवर एवढा खर्च का करतात, याचे उत्तर या दोन आकड्यांमध्ये आहे. आणि उष्णता कोणत्या तापमानाला आत आली हे विचारल्याशिवाय कार्नोचे सूत्र वापरायचे नाही, हा धडा व्याख्येतून कधी उतरत नाही. तो असा एकदा चुकल्यावर उतरतो.

तरी कारखान्याचा खरा दागिना इव्हॅपोरेटर आहे. रस साधारण 15 ब्रिक्सचा, म्हणजे वजनाने सुमारे 15 टक्के विरघळलेल्या घनांचा असतो, त्याचा 60 ब्रिक्सचा पाक करायचा तर रसाच्या वजनातला तीन चतुर्थांश भाग पाणी म्हणून उडवावा लागतो. टनभर रसामागे 750 किलो पाणी! एकाच भांड्यात हे केले तर जवळपास तेवढीच वाफ खर्ची पडेल. पण चार बॉडी एकापुढे एक जोडल्या, पहिलीतून निघालेल्या वाफेवर दुसरी उकळवली, दुसरीच्या वाफेवर तिसरी, आणि पुढे पुढे दाब कमी करत शेवटची निर्वातात सुमारे 55 अंशांवर आणून ठेवली, तर तेच काम ढोबळमानाने 190 किलो वाफेत होते. ही युक्ती नॉर्बर्ट रिलिए या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय अभियंत्याची, पेटंट 1843चे. ते वर्ष लक्षात घ्या. क्लाउसियस आणि केल्व्हिन यांनी दुसरा नियम शब्दांत मांडायला अजून काही वर्षे होती.

इथे विद्यार्थ्याला विचारावे: मग चारच बॉडी का? चाळीस का नाहीत? पहिल्या नियमाची काही हरकत नाही, ऊर्जा तीच पुन्हा पुन्हा वापरता येते. अडवतो तो दुसरा नियम. उष्णता एका बॉडीतून दुसरीत जायला तापमानात फरक लागतो. 120पासून 55पर्यंत एकूण 65 अंशांची उतरण आहे, ती चौघांत वाटली तर प्रत्येकी सोळा-सतरा अंश येतात. चाळिसांत वाटली तर दीड अंशाहून थोडेच जास्त, आणि एवढ्या फरकावर तेवढीच उष्णता न्यायची तर कॅलँड्रियाच्या, म्हणजे बॉडीतल्या तापवणाऱ्या भागाच्या, नळ्यांचे क्षेत्रफळ अवाढव्य करावे लागेल. साखरेच्या द्रावणाचा उत्कलनबिंदू पाण्याहून वर असतो, तो त्या दीड अंशातलाही वाटा खाईल. पुस्तकातली व्युत्क्रमी प्रक्रिया म्हणजे हीच टोकाची स्थिती: एंट्रॉपी अजिबात वाढत नाही, पण त्यासाठी अनंत क्षेत्रफळ किंवा अनंत वेळ हवा. ‘क्वासी-स्टॅटिक’ या शब्दावर वर्गात तास जातो आणि मुले व्याख्या लिहून घेतात. इव्हॅपोरेटरपुढे अर्धा तास उभे राहून केलेली ही आकडेमोड मला त्याहून मोलाची वाटते.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी कारखान्याला भेट देतात, अहवालही लिहितात. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी सहसा जात नाहीत, आणि अभियांत्रिकीवाले एंट्रॉपीचा रेणूंशी असलेला संबंध सहसा शिकत नाहीत. एकाच तालुक्यातल्या दोन महाविद्यालयांत विषयाचे दोन अर्धे वाटले गेले आहेत. दोन्हीकडच्या शिक्षकांनी वर्षातून दोन-तीन तास एकमेकांच्या वर्गावर घेतले तर त्याला कोणाच्या मंजुरीची गरज पडू नये.

सांख्यिकीय अर्ध्याकडे वळताना वाटेत कळसूबाई लागते. अकोले तालुक्यातले हे शिखर 1646 मीटर उंच, राज्यातले सर्वोच्च. हवेच्या एका सरासरी रेणूचे वस्तुमान साधारण 4.8 गुणिले 10चा उणे 26वा घात किलो. त्याला समुद्रसपाटीपासून शिखरापर्यंत चढवायला लागणारी ऊर्जा, म्हणजे एमजीएच, काढा. बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे केटी, काढा. पहिली राशी दुसरीच्या सुमारे एक-पंचमांश भरते. ईचा उणे 0.19 घात घेतला की 0.83 मिळतात: शिखरावरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 83 टक्के. आता तोच दाब क्लाउसियस-क्लापेरॉनच्या समीकरणात घाला, पाण्याची सुप्त उष्णता घाला, आणि उत्तर येते की तिथे पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळायला हवे. बारी गावातून चढायचे, सोबत स्टोव्ह, भांडे आणि चांगला तापमापक न्यायचा, पायथ्याशी आणि माथ्यावर मापन करायचे.

या एका प्रयोगात पेपरचे दोन्ही अर्धे एकत्र येतात. एका रेणूच्या ऊर्जेची केटीशी तुलना केली आणि त्यावरून भांड्यातल्या पाण्याचा उत्कलनबिंदू मिळाला. सांख्यिकीय भौतिकी करते ते हेच, आणि इतक्या कमी सामग्रीत ते दाखवणारा प्रयोग पदवीच्या प्रात्यक्षिकांत माझ्या तरी पाहण्यात नाही. लीची पद्धत, स्टीफनचा स्थिरांक, थर्मिस्टर हे प्रयोग चांगले आहेत, ते राहावेत. पण त्यांत एक सूत्र आणि एक उत्तर असते. दोन तत्त्वे एकमेकांना जाऊन मिळतात हे त्यांत दिसत नाही. नगर शहरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, आहे. लष्कराची गाडी लडाखच्या उंचीवर ताकद का गमावते, या प्रश्नाच्या मुळाशीही हाच घातांक आहे.

मग एंट्रॉपी. तिला ‘अव्यवस्था’ म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. पसरलेली खोली हे उदाहरण तर शिक्षकांनी सोडूनच द्यावे, त्यातून मोजता येण्यासारखे काहीच मिळत नाही. त्याऐवजी मोजायलाच बसावे. दोन घन पदार्थ घ्या, प्रत्येकात चार आंदोलक. दोघांत मिळून ऊर्जेचे चार समान तुकडे वाटायचे आहेत. चार आंदोलकांत शून्य, एक, दोन, तीन, चार तुकडे वाटण्याच्या रीती अनुक्रमे 1, 4, 10, 20 आणि 35. सगळी ऊर्जा डावीकडे असण्याच्या रीती 35, तीन-एक वाटपाच्या 80, दोन-दोनच्या 100, मग पुन्हा 80 आणि 35. बेरीज 330. समान वाटप सर्वांत संभाव्य आहे, पण सगळी ऊर्जा एकाच बाजूला असण्याची शक्यताही दहा टक्क्यांहून जास्त आहे. इथपर्यंत दुसरा नियम कुठेच नाही. आता प्रत्येकी शंभर आंदोलक आणि शंभर तुकडे घ्या. हे हाताने होणार नाही, पण मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांत होते. आलेख उंच आणि अरुंद होतो, टोकाच्या शक्यता शून्याला चिकटतात. रेणूंची संख्या 10च्या 23व्या घातापर्यंत नेली तर उष्णता गरमाकडून गाराकडे का जाते याचे उत्तर समोर असते. रेणूंना तसा कोणताही हुकूम नाही, उलट दिशेच्या मांडण्या फक्त अतोनात थोड्या आहेत. विद्यार्थी हे स्वतः मोजतो तेव्हा एस बरोबर के लॉग डब्ल्यू हे सूत्र त्याला पाठ करावे लागत नाही. लॉग का, तर दोन पदार्थांच्या रीतींचा गुणाकार होतो आणि एंट्रॉपींची बेरीज व्हायला हवी.

ही रीत थॉमस मूर आणि डॅनियल श्रोडर यांनी 1997 साली एका लेखात मांडली आणि श्रोडर यांच्या ‘थर्मल फिजिक्स’ या पाठ्यपुस्तकात ती विस्ताराने आहे. तिच्यामागे जुना वाद आहे: आधी थर्मोडायनॅमिक्स शिकवावे की आधी रेणू? झेमान्स्की यांच्या पुस्तकाची परंपरा पहिली. राइफ यांचे 1965चे पुस्तक रेणूंपासून सुरू होते. आपल्याकडे मेघनाद साहा आणि श्रीवास्तव यांच्या उष्णतेवरील ग्रंथाने पिढ्या घडवल्या, आणि आज बहुतेक मुलांच्या हाती ब्रिजलाल-सुब्रह्मण्यम यांचे पुस्तक असते. नगरसारख्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर मी स्थूलापासून सुरुवात करण्याच्या बाजूने आहे, कारण कारखाना शेजारी आहे. मात्र दोन अर्ध्यांमध्ये भिंत नको. कार्नोचे चक्र संपताच, विभाजन फलनाची वाट न पाहता, त्याच आठवड्यात ही मोजणी घ्यावी.

बोस-आइन्स्टाइन आणि फर्मी-डिराक वितरणांपर्यंत पोहोचेस्तोवर सत्र संपत आलेले असते आणि ती घाईत उरकली जातात. हे मला फार लागते. 1924 साली ढाका विद्यापीठात शिकवणारा एक तरुण प्राध्यापक प्लांकच्या नियमाच्या प्रचलित सिद्धतेवर समाधानी नव्हता. त्याने प्रकाशकण मोजण्याची नवी रीत काढली आणि आइन्स्टाइनला पाठवली. आइन्स्टाइनने तिचा जर्मन अनुवाद करून ती छापून आणली. सत्येंद्रनाथ बोस यांचे ते टिपण मोजणीचेच आहे. वरच्या 330 रीतींमध्ये आपण तुकड्यांना नावे दिली नव्हती, कोणता तुकडा कोणता हे विचारले नव्हते. बोस यांनी फोटॉनांच्या बाबतीत हेच केले. ज्या मुलाने ऊर्जेचे तुकडे मोजले आहेत, त्याला बोस यांचे पाऊल समजायला एक तास पुरतो.

भाषेविषयी थोडक्यात सांगतो. जिल्ह्यातली बरीच मुले बारावीपर्यंत मराठीत विचार करत आलेली असतात आणि पेपर इंग्रजीत लिहितात. वर्गात शिक्षक मराठीतच समजावतात, ते चांगलेच आहे. उणीव आहे ती मराठीत लिहिलेल्या, सोडवून दाखवलेल्या उदाहरणांची. मराठी विश्वकोशातल्या नोंदी संकल्पनांसाठी उपयोगी पडतात, गणिते सोडवायला नाही. बगॅस, इव्हॅपोरेटर, कळसूबाई आणि वर मोजलेले आंदोलक अशी पन्नास उदाहरणे आकड्यांसह एका पुस्तिकेत आली, तर ती कोपरगावपासून जामखेडपर्यंत चालेल.

परीक्षेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण वर्गात काय होणार हे तीच ठरवते. ‘मॅक्सवेलचे संबंध सिद्ध करा’ या प्रश्नाचे उत्तर न समजताही पूर्ण गुणांचे लिहिता येते. हा प्रश्न काढून टाका असे मी म्हणत नाही, सिद्धता लिहिता यायलाच हवी. पण त्याच्या शेजारी असा प्रश्न असावा: एका इव्हॅपोरेटरला चारऐवजी पाच बॉडी केल्या, एकूण तापमानफरक तोच ठेवला. वाफेची बचत साधारण किती होईल, आणि प्रत्येक बॉडीला किती अंश येतील? एंट्रॉपी जास्त कुठे वाढते, चार बॉडींत की पाच, आणि कशावरून? किंवा असा: वायू एक पूर्ण चक्र करून सुरुवातीच्या अवस्थेला आला, आलेख दिला आहे, एकूण काम, एकूण उष्णता आणि आंतरिक ऊर्जेतला बदल यांपैकी शून्य कोणते आणि का? दुसऱ्या प्रश्नाला आकडेमोडही लागत नाही. मेल्ट्झर यांच्या विद्यार्थ्यांची अडचण नेमकी इथेच उघडी पडली होती.

असे प्रश्न तपासायला वेळ लागतो आणि परीक्षकांमध्ये मतभेद होतात, ही अडचण खरी आहे. म्हणून सुरुवात अंतर्गत मूल्यमापनापासून करावी, जिथे प्रश्न काढणारा आणि तपासणारा एकच असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25पासून पदवीची नवी रचना आली आहे आणि क्षेत्रकार्य व प्रकल्पांना त्यात श्रेयांक आहेत. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत चालतो. हा पेपर डिसेंबरनंतरच्या सत्रात ठेवला तर बॉयलर चालू असताना मुलांना तिथे नेता येईल, तापमान आणि दाबाचे आकडे त्यांना स्वतः टिपून घेता येतील आणि चाचणीचा प्रश्न त्याच आकड्यांवर काढता येईल.